यादी नको, एक पान दे

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

वय २७. राहणार कोल्हापुरात, राजारामपुरीत, नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या डिझाइन विभागात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ती इंटरनेटवरची कॉमिक्स, म्हणजे वेबकॉमिक्स, वाचते. ‘गनरक्रिग कोर्ट’ सगळ्यात लाडकं. मावसबहिणीनं (वय १९) आपणहून ‘मलाही काहीतरी सुचव’ म्हटलं, तेव्हा हिनं रात्री जागून तेवीस नावांची यादी पाठवली आणि बजावलं, ‘पहिल्यापासून वाच, मधूनच सुरू करू नकोस.’ बहिणीनं थोडी पानं वाचून नाद सोडला. ऑफिसातल्या सहकाऱ्याला ‘एक्सकेसीडी’ या विनोदी वेबकॉमिकमधलं एक चित्र पाठवलं. त्यानं हसरा चेहरा टाकला, पण विनोद कळलाच नव्हता हे जेवणाच्या सुट्टीत उघड झालं. आई म्हणते, ‘अजून कार्टूनच बघत बसतीस काय?’ आता रविवारी रंकाळ्यावर जमणाऱ्या मित्रमंडळींनी ‘पुढच्या वेळी तू काहीतरी वाचायला दे’ म्हटलंय, आणि हिला धास्ती बसलीय. तिचे प्रश्न: माझी आवडच विचित्र आहे का? लोकांना सांगणं बंद करू का? आणि सांगायचंच तर काय सांगू?

प्रिय मैत्रिणी,

पत्रातलं मला जे खटकलं ते आधी सांगते. ‘मी एवढं मनापासून सांगितलं आणि कुणीच वाचलं नाही’ असं तू दोनदा लिहिलंयस. मनापासून सांगितलंस यात शंका नाही. पण वाचायचं होतं त्यांना, आणि त्यांच्याबद्दल पत्रात जवळजवळ काहीच नाही. बहीण कशावर वाचते, मोबाइलवर की लॅपटॉपवर? इंग्रजी तिच्या किती सरावाचं आहे? कॉलेजच्या बसमध्ये वाचणार की रात्री झोपताना? तिला हसायचंय, घाबरायचंय, की कुणाच्या तरी प्रेमाच्या भानगडीत अडकायचंय? मला हे कळलं नाही, आणि यादी करताना तुलाही कळलेलं नसावं. तेवीस नावं तू तुझ्या कपाटातून काढलीस.

आता गनरक्रिग कोर्टचंच बघ. टॉम सिडल २००५पासून ते काढतोय, आठवड्याला तीन पानं. तू त्यात शिरलीस, मागचं सगळं अधाशासारखं वाचलंस आणि मग सोमवार, बुधवार, शुक्रवारची वाट बघायला लागलीस. वर्षानुवर्षं. त्यातली अँटिमनी चेहरा कोरा ठेवून शाळेत वावरते, तसंच आपणही हॉस्टेलवर वावरायचो, हे तूच लिहिलंयस. म्हणजे तुझ्या मनातलं गनरक्रिग कोर्ट निम्मं सिडलचं आहे आणि निम्मं तुझं. त्यात तुझी खोली आहे, राहिलेले विषय आहेत, सबमिशनच्या रात्री आहेत, नवं पान आलं की ज्या एका मैत्रिणीला उठवायचीस ती आहे. बहिणीला पाठवलेल्या लिंकमधून यातलं काहीच गेलं नाही. तिच्या हाती नुसती पानं आली, तीही सिडलच्या हाताला वळण यायच्या आधीची. ‘एवढं काय आहे यात?’ असं तिला वाटलं असेल तर तिचं काही चुकलं नाही. तू तिला आवडलेली गोष्ट देतेयस असं तुला वाटत होतं. खरं तर ती गोष्ट आवडायला तुला जी वर्षं लागली, ती तू तिच्याकडून एका आठवड्यात मागत होतीस.

माझं सांगणं एवढंच: आपलं सगळ्यात लाडकं कॉमिक नव्या वाचकाला पहिल्यांदा देऊ नये. समोरच्याला जे रुचेल असं वाटतं ते द्यावं, आणि लाडकं राखून ठेवावं. एखादा वाचक टिकला आणि ‘तुला स्वतःला कुठलं आवडतं गं?’ असं त्यानं आपणहून विचारलं, की मग ते काढावं. तसं विचारणारा कमीच भेटतो. भेटतो तो मात्र वाचतो.

‘पहिल्यापासून वाच’ या तुझ्या अटीवर माझा मोठा आक्षेप आहे. छापील कादंबरी दुकानात येईपर्यंत तिचं पहिलं प्रकरण चार वेळा घासून झालेलं असतं. वेबकॉमिकवाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शिकतो, आणि त्याचं कच्चं काम सर्वांत आधीच्या पानांवर तसंच राहतं. रिच बर्ल्यूचं ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ २००३चं. त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यांत, म्हणजे छोट्या भागांत, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नियम बदलल्यावरचे विनोद आहेत. तो खेळ न खेळलेल्या माणसाला ते काय कळणार? पुढे त्यातूनच एक लांबलचक, गुंतागुंतीची कथा उभी राहिली. छापून संपलेली त्याची पुस्तकं पुन्हा काढायची म्हणून २०१२मध्ये वाचकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर साडेबारा लाख डॉलर जमवून दिले. पहिल्या पन्नास पट्ट्यांवर खूश होऊन ते कुणी दिले असतील असं मला वाटत नाही. जेफ जॅक्सचं ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ही २००३चंच. त्याच्या पट्ट्या पाच हजारांच्या पुढे गेल्यात. रोज दहा वाचल्या तरी वर्षात संपत नाहीत, आणि तेव्हाची चित्रं नि आताची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच माणसाची वाटत नाहीत. अशा कॉमिकमध्ये नव्या माणसाला मधूनच सोडावं. कोण कुणाची कोण, ते चार-पाच पट्ट्यांत कळतं. आपल्या आयांनी टीव्हीवरच्या किती मालिका पहिल्या भागापासून बघितल्यात? मधूनच बसल्या आणि आठवड्यात सगळं घराणं त्यांना पाठ झालं.

रहस्यावर चालणाऱ्या गोष्टींचं वेगळं. गनरक्रिग कोर्ट मधून वाचून चालणार नाही, इथं तुझंच बरोबर. पण मग ‘पहिलं प्रकरण वाच’ म्हणावं आणि थांबावं. नव्या शाळेत आलेल्या मुलीला कळतं की आपल्याला एक जादा सावली आहे. एवढं एक वाक्य पुरे. पुढच्या प्रकरणांबद्दल, रोबोंबद्दल, जंगलाबद्दल, ‘नंतर तर अगं काय होतं माहितीय’ याबद्दल अवाक्षर नको.

सहकाऱ्याचा किस्सा वाचून मला हसू आलं, पण त्याची बाजू मला पटते. रँडल मन्रोचं एक्सकेसीडी काड्यांच्या माणसांचं असल्यानं सोपं दिसतं आणि फसवतं. हा माणूस भौतिकशास्त्र शिकलेला, नासाच्या कामावर राहिलेला. निम्मे विनोद गणिताचे नाहीतर प्रोग्रॅमिंगचे. शिवाय प्रत्येक चित्रामागे एक लपलेली ओळ असते. कॉम्प्युटरवर माउस चित्रावर थांबवला की ती दिसते, आणि बऱ्याचदा खरी गंमत त्या ओळीतच असते. मोबाइलवर साइटच्या मोबाइल आवृत्तीत जाऊन वेगळं बोट लावावं लागतं. तू स्क्रीनशॉट पाठवला असशील तर त्याला अर्धाच विनोद पोचला. गंगावेशीच्या तालमीत नव्या पोराला आल्या दिवशी कुणी जोडीला उभं करत नाही, आधी हौद्यातली माती उकरायला लावतात. तू त्याला थेट जोडीला उभं केलंस.

त्याला दुसरं पाठव. २०२०मधलं एक चित्र आहे. एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांचा उंच डोलारा, म्हणजे आजची सगळी डिजिटल यंत्रणा. आणि तळाशी एक किरकोळ, बारीक ठोकळा, ज्यावर सगळा भार आहे. तो म्हणजे नेब्रास्कातल्या कुणा एका माणसानं कुणी आभार न मानता २००३पासून सांभाळलेला प्रकल्प. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. एका माणसानं दहा वर्षांपूर्वी केलेल्या एक्सेल शीटवर अख्खा विभाग चालतो आणि तो माणूस रजेवर गेला की सगळे हातावर हात ठेवून बसतात, हे त्यानं रोज बघितलेलं असणार.

सहकारी गप्प राहिला तरी विनोद समजावू नकोस.

आता मोबाइल. ही गोष्ट आपण जुने वाचक विसरतो. पूर्वीची बहुतेक वेबकॉमिक्स कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी, पुस्तकाच्या पानासारखी आखलेली आहेत. केएमटीच्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं ती वाचायची म्हणजे संवादाचा प्रत्येक फुगा दोन बोटांनी मोठा करा, वाचा, लहान करा, सरका. एकोणीस वर्षांची मुलगी याला दोन मिनिटं देईल. दक्षिण कोरियातल्या नेव्हर या कंपनीनं २००४मध्ये सुरू केलेलं वेबटून हे कॉमिक्सचं व्यासपीठ मोबाइलवर एवढं फोफावलं त्याचं एक कारण हेच. तिथं पान नसतं, वरून खाली अंगठ्यानं सरकत जायचं. २०१४पासून ते इंग्रजीतही आहे. तुझ्यासारख्या मुरलेल्या वाचकांना त्या उभ्या पट्टीत पानाच्या रचनेची मजा हरवल्यासारखी वाटते, मलाही वाटते. पण ही तक्रार घेऊन नव्या वाचकापुढं जाण्यात काही अर्थ नाही.

म्हणून बहिणीला सैलेश गोपालनचं ‘ब्राउन पेपरबॅग’ दे. भारतीय घरातल्या पोराचे छोटे छोटे प्रसंग: आई, मार्क, पाहुणे, शेजारी. इंग्रजी सोपं आहे आणि मागचं-पुढचं लक्षात ठेवावं लागत नाही. तिला लांबलचक प्रेमकथाच हवी असेल तर रेचल स्माइथचं ‘लोर ऑलिंपस’ आहे. पाताळाचा राजा हेडीस आणि पर्सेफनी यांची ग्रीक पुराणातली गोष्ट, आजच्या कपड्यांत आणि आजच्या भांडणांत. २०१८मध्ये सुरू झालेलं हे २०२४मध्ये संपलं, त्यामुळं अर्ध्यावर लटकायची भीती नाही. मात्र त्यात लैंगिक अत्याचाराचा आणि त्यानंतरच्या मनःस्थितीचा मोठा धागा आहे. हे देण्याआधीच तिला सांग. चित्रांचे गुलाबी-निळे रंग बघून असं काही पुढं येईल हे ध्यानात येत नाही. हे वाचणाऱ्या पालकांनाही सांगते: ‘कॉमिकच आहे’ म्हणून पोरांच्या हाती काहीही देऊ नका. आधी स्वतः चार-सहा भाग वाचा.

आईच्या बाबतीत तू जरा जास्तच चिडलीयस. ‘कार्टून बघत बसतीस’ हे तिनं चित्रकथेच्या कलेवर दिलेलं मत नव्हे, रात्री साडेअकराला पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीय त्यावरचं आहे. १९९१मध्ये ‘सकाळ’ दैनिकात ‘चिंटू’ यायला लागला तेव्हा तुमच्या घरात पेपर आला की आधी कुठलं पान उलटलं जायचं, हे तिला विचारून बघ. शि. द. फडणीसांची शब्दांविना हास्यचित्रं, ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावरची, तिनं हमखास बघितलेली असणार. ज्या बाईला फडणीसांचं चित्र एकही अक्षर न वाचता कळतं, तिला कॉमिक कसं वाचायचं हे तू शिकवायची गरज नाही. तिला रायन पॅगेलोचं ‘बुनी’ दाखव. त्यात शब्दच नाहीत. एक भाबडा, आशावादी ससा आणि त्याच्या नशिबी येणारे भलतेसलते शेवट. विनोद कधी कधी काळा आहे, पण आपल्या आया त्याला घाबरतील असं समजू नकोस. पाठवू मात्र नकोस. चहाच्या वेळी शेजारी बसून फोन तिच्या हातात दे.

‘माझी आवड विचित्र आहे का?’ नाही. पुढे.

आता रविवारचा रंकाळा. इथं तुला बक्षिसांकडे बघायचा मोह होईल. ह्यूगो पुरस्कारात चित्रकथेचा विभाग सुरू झाल्यावर २००९ ते २०११ अशी पहिली तिन्ही वर्षं ‘गर्ल जीनियस’नं घेतली, मग तेच द्यावं, असं वाटेल. पण ह्यूगोची मतं विज्ञानकथा नि अद्भुतकथांचे मुरलेले वाचक देतात. तुझ्या कट्ट्यावर तसं कुणी आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही. तू लिहिलंयस त्यात एक जण फाइन आर्टचा आहे, एक जण दर सुट्टीत गवे बघायला दाजीपूरला पळतो, एकीला सगळ्यांशी राजकारणावर वाद घालायचा असतो, आणि बाकीचे कणसं खायला येतात. एवढी माहिती तेवीस नावांच्या यादीपेक्षा जास्त कामाची आहे.

दाजीपूरवाल्याला रोहन चक्रवर्तीचं ‘ग्रीन ह्यूमर’ दे. माणूस आपल्या नागपूरचा, शिक्षणानं दाताचा डॉक्टर. दात सोडून वन्यप्राण्यांच्या मागे लागला आणि पक्षी, बेडूक, वाघ यांच्या तोंडून माणसांची खिल्ली उडवतो. त्यातली माहितीही पक्की असते, त्यामुळं गव्यांवर तासभर बोलणाऱ्यालाही नवं काही सापडेल. फाइन आर्टवाल्याला आरती पार्थसारथीचं ‘रॉयल एक्झिस्टेन्शियल्स’. जुनी भारतीय लघुचित्रं घ्यायची आणि त्यातल्या राजे-राण्यांच्या तोंडी आजच्या तक्रारी घालायच्या. वाद घालणारीला रचिता तनेजाचं ‘सॅनिटरी पॅनल्स’: काड्यांची माणसं, थेट राजकीय बोलणं. त्यातल्या काही चित्रांवरून तिला सर्वोच्च न्यायालयाची अवमानाची नोटीसही आली होती. पण हे त्या मैत्रिणीला एकटीला पाठव. सगळ्यांत काढलंस तर संध्याकाळ त्यातच जाईल. अर्थात तुम्हाला तेच हवं असेल तर माझी हरकत नाही.

सगळ्यांनी मिळून एकच वाचायचं ठरलं, तर मी अर्सुला व्हर्ननचं ‘डिगर’ सुचवेन. ते २०११मध्ये पूर्ण झालं, म्हणजे शेवट हाताशी आहे. त्यालाही २०१२चा ह्यूगो मिळालाय, पण मी त्यासाठी सांगत नाही. डिगर ही एक वॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला एक प्राणी), जमिनीखाली बोगदे खणणारी, व्यवहारी, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारी. खणता खणता वाट चुकते आणि वर निघते ती थेट एका देवळात, गणपतीच्या मूर्तीसमोर. आणि ती मूर्ती तिच्याशी बोलायला लागते. परदेशी बाईनं काढलेला हा गणपती शांत आहे, समजूतदार आहे, आणि उगाच गूढ बोलत नाही. आपल्याकडच्या लोकांना तो कसा वाटतो हे ऐकायला मला आवडेल. कुणाला खटकेलही, त्यावर बोलणं होईल. चित्रं काळी-पांढरी आहेत, फोनवर थोडी मोठी करून वाचावी लागतील, हे आधीच सांगून टाक.

रविवारी तू शेवटी बोल. हे तुला जड जाणार, माहितीय. पण शिफारस करणाऱ्यानंच आधी ‘मला यातलं अमुक फार आवडतं’ म्हटलं की बाकीचे एकतर मान डोलावतात नाहीतर गप्प बसतात. कणीस खाणाऱ्यांपैकी एखाद्याला सुरुवात करू दे. त्यानं ‘लई बोर झालं’ म्हटलं तरी मध्ये तोंड घालू नकोस. कुठं बोर झालं ते विचार. ‘कुठं’ हे विचारल्यावर लोक बरंच सांगतात. ‘का’ विचारलं की बचावाला लागतात.

आणि ‘वाचलंस का?’ हा प्रश्न तुझ्या तोंडून महिनाभर निघायला नको. बहिणीला नाही, सहकाऱ्याला नाही, कुणालाच नाही. एकदा विचारलं की वाचन म्हणजे गृहपाठ होतो, आणि गृहपाठ टाळायला आपण सगळेच पहिलीपासून शिकलेलो असतो. त्याऐवजी बहीण काय वाचते, बघते ते तिला विचार आणि तिनं सांगितलेलं खरंच बघ. तुझ्या पत्रात एक ओझरतं वाक्य आहे की ती ‘कसल्या तरी कोरियन मालिका’ बघते. कसल्या तरी! कुणीतरी आपल्या पत्रात तुझ्या गनरक्रिग कोर्टबद्दल ‘कसलं तरी’ लिहिलं असतं तर? त्यातली एक मालिका तिच्या शेजारी बसून बघ. मग तिला काय पाठवायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

तोवर बहिणीला आज एवढाच निरोप धाड: ‘मागची यादी विसर. हे एक बघ, दोन मिनिटांचं आहे. आपल्या मावशीसारखी बाई आहे यात.’ आणि ‘ब्राउन पेपरबॅग’ची लिंक. यादीबद्दल माफी, स्पष्टीकरण, ‘नक्की बघ हं’ असलं काही नको.

सांगणं बंद करू का म्हणतेस. बंद करू नकोस. बोलणं कमी कर आणि एका वेळी एकाच माणसाला एकच दे.

पैशांचं राहिलं. स्क्रीनशॉट काढून खालची सही कापून ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती सोड. ही मंडळी वाचकांच्या वर्गणीवर, पुस्तकांवर आणि साइटवर येणाऱ्या माणसांवर जगतात, म्हणून लिंकच पाठवावी. आणि वेबटूनवर पुढचे भाग आधी वाचायला कॉइन विकत घ्या असं येतं, त्याला बहिणीनं भुलू नये. चालू मालिकांत थोडं थांबलं की तेच भाग फुकट उघडतात. पैसे घालायचेच असतील तर ‘लोर ऑलिंपस’ची छापील पुस्तकं निघालीत, त्यातलं पहिलं तिच्या वाढदिवसाला घे. आधी तिला ते आवडलं तर.